जरा बाजूला!

शेजाऱ्यांत वाटून घ्यायला कांद्याची एक गोणी आणावी, म्हणून परवा वाशीच्या एपीएमसी मार्केटात गेलो आणि चहाच्या टपरीवर वादात सापडलो. समोरच्या गृहस्थांची ओळख ना देख. पण विषय निघाला गोणीच्या वजनाचा.

"एवढे ओझे माणसाने पाठीवर का वाहावे?" मी म्हणालो.

"गोणी लहान केली की बारदान वाढते, हमाली वाढते. तो पैसा शेवटी तुम्हीच देणार!" ते उसळले.

मग काय विचारता! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली पुरुषाला 55 किलोंची मर्यादा सुचविली, हे मी ठासून सांगितले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला, हे त्यांनी मला ऐकविले. नीती, सरकार, महागाई, सारे आम्ही दोन कप चहात निकालात काढले.

एवढ्यात मागून आवाज आला, "दादा, जरा बाजूला!"

पाठीवर गोणी घेऊन एक माथाडी खोळंबला होता. त्याच्याच वाटेत उभे राहून आम्ही त्याच्या पाठीचा वाद घालीत होतो! दोघेही ओशाळून बाजूला सरलो. तेवढ्यापुरते मात्र आमचे एकमत झाले.