खडखडाटाची हौस

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या दिवसांत भरणाऱ्या, दीडशे वर्षांहून जुनी परंपरा सांगणाऱ्या उत्सवातील आकाशपाळण्यांचा कल्लोळ ज्याने ऐकला आहे, त्याला यंत्राच्या आवाजातही करमणूक असते हे पटवून देण्याचे प्रयोजन नाही; परंतु केवळ त्या आवाजाखातर जुगाराची जुनी यंत्रे विकत घेऊन घरात मांडणारी माणसे इंग्लंड-अमेरिकेत आहेत, असे सांगितले तर येथील व्यवहारी गृहस्थ बहुधा हसेल.

या यंत्राला इंग्रज ‘फ्रूट मशीन’ म्हणतात. नाणे टाकावे, दांडा ओढावा, तीन चक्रे गरगरावीत आणि चेरी, लिंबू, आलुबुखार यांची चित्रे एका रांगेत जुळली तर नाणी पदरात पडावीत, असा हा खेळ. सॅन फ्रान्सिस्कोचा कारागीर चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेले ‘लिबर्टी बेल’ हे त्याचे मूळपुरुष. पुढे कायद्याचा ससेमिरा चुकविण्यासाठी, हे यंत्र च्युइंगगम विकते असा बहाणा निघाला आणि गमच्या स्वादांची म्हणून फळे चक्रांवर आली. १९६३-६४च्या सुमारास शिकागोच्या ‘बॅली’ कारखान्याने ‘मनी हनी’ काढले, तेव्हा स्प्रिंगांच्या संसारात वीज शिरली आणि नोकराच्या मदतीवाचून ५०० नाण्यांपर्यंतची रक्कम यंत्र स्वतःच अदा करू लागले.

संग्राहकांचा जीव अडकतो तो या मधल्या पिढीत, आणि मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. मोटारीची घरघर, रिलेंची टकटक, मग डावीकडून एकेक चक्र ‘खट्’ करून थांबणे, तिसऱ्यापाशी श्वास रोखला जाणे आणि पत्र्याच्या ताटलीत नाण्यांचा खणखणाट होणे, यांतील प्रत्येक नाद हा प्रत्यक्ष घडणाऱ्या क्रियेचा असतो; नंतरच्या यंत्रांत निकाल चिप ठरविते आणि आवाज तेवढा ध्वनिवर्धकातून पुरविला जातो. जुन्या यंत्राचा जाणता धनी नुसत्या आवाजावरून कोणत्या रिलेचे टोक मळले आहे ते ओळखतो. शिवाय घरच्या यंत्रात जिंकणाराही तोच आणि हरणाराही तोच, तेव्हा लोभाचा निकाल आपोआप लागतो. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आल्यावर जुन्या पेनी व्यवहारातून बाद झाल्या. त्यांची पुरचुंडी यंत्राजवळ बाळगणे हाही या छंदाचा एक शिरस्ताच.

आपल्या मुलखात अशा यंत्रांना मुभा दिली ती गोव्याने, १९९२च्या कायदेदुरुस्तीने आणि तीही पंचतारांकित हॉटेलांपुरती. महाराष्ट्राने कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा दफ्तरातच पडून राहिला आणि अंमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे मराठी माणसाची या यांत्रिक कौतुकाशी गाठ पडली ती रेल्वेच्या फलाटावरील वजनाच्या यंत्रापाशी. पायरीवर उभे राहावे, रंगीत दिवे लुकलुकावेत, काचेआडची तबकडी थांबेपर्यंत धीर धरावा, नाणे सोडावे, की आत काहीतरी खडखडून जाड पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका अंगाला वजन व भविष्याची ओळ, दुसऱ्या अंगाला सिनेनटाचा किंवा नटीचा चेहरा. वजनाचा आकडा फारसा कोणी मनावर घेत नसे, पण भविष्य मात्र डब्यातील सर्वांना वाचून दाखविले जाई. येथे नाणे टाकणारा रिक्त हस्ते परतत नसे. एवढ्याच एका बाबतीत हे यंत्र त्या विलायती भाऊबंदाहून अधिक सभ्य म्हणावे लागेल.

हिंगोलीत कोणाला ही हौस जडलीच, तर त्याने परदेशी पेटीच्या नादी न लागता भंगारवाल्यांकडे अशा काट्याची चौकशी करावी, वीज जोडण्यापूर्वी जुन्या तारा बदलून घ्याव्यात आणि अर्थिंग तपासावे. दिवे, तबकडी व मोटार हा सारा सरंजाम दुरुस्त होण्याजोगा आहे. खरी पंचाईत कोऱ्या तिकिटांची आणि जुन्या नाण्यांची, कारण २५ पैसे व त्याखालील नाणी जून २०११ अखेर चलनातून गेलेली आहेत.