मोर्च्याचा डबा

परवा सहलीत दहीभात आंबला आणि मला बायर्ड रस्टिन आठवले.

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीच्या मोर्च्यात अडीच लाख माणसं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण सगळ्यांना ठाऊक, पण मोर्च्याची आखणी रस्टिन यांची. तीही जेमतेम दोन महिन्यांत! बस, पिण्याचं पाणी, शौचालयं, अगदी डबासुद्धा. पीनट बटर-जॅमचं सँडविच आणा. मेयोनीज नको, उन्हात खराब होतं.

मला भाषणाइतकंच हे सँडविच थोर वाटतं.

१९४८ साली रस्टिन भारतातही येऊन गेले होते, गांधीजींच्या लोकांकडून सत्याग्रह शिकायला.

समलिंगी असल्यामुळे मोर्च्याच्या नेत्यांनीच त्यांना मागे ठेवलं. कागदोपत्री पद उपसंचालकाचं. राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं २०१३ मध्ये, मरणोत्तर.