जोर कोणत्या अक्षरावर?

‘एमआयडीसी’ हे नाव अंधेरी पूर्वेत इतके रुळले आहे की, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे पूर्ण इंग्रजी नाव उच्चारण्याची वेळ तेथे क्वचितच येते. मात्र त्यातील ‘इंडस्ट्रियल’, ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘कॉर्पोरेशन’ हे शब्द अक्षरविभागणी व आघात समजून घेण्यास फार सोयीचे आहेत. येथे अक्षर म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवती जमलेला ध्वनिगट, आणि आघात म्हणजे त्यांपैकी एका अक्षरावर पडणारा ठळक जोर.

‘इन्-डस्-ट्रि-अल्’ या चार अक्षरांत जोर दुसऱ्यावर असतो, पण मूळ ‘इंडस्ट्री’ शब्दात तो पहिल्यावर असतो, म्हणजे प्रत्यय लागताच आघात सरकतो. (काही कोश यातील ‘स्’ पुढच्या अक्षराला जोडतात, विभागणी इतकी काटेकोर नाही.) ‘कॉर्पोरेशन’मध्ये तो ‘रे’वर येतो, कारण ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांत त्याच्या अलीकडचे अक्षर आघात घेते, आणि हा नियम बराच भरवशाचा आहे.

खरी अडचण ‘डेव्हलपमेंट’ची. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही व स्वर पूर्ण उच्चारले जातात, म्हणून मराठी भाषक पहिला ‘डे’ भरदार म्हणतो. इंग्रजीत मात्र तो आखूड ‘डि’ होतो, ‘व्हेल’ उठून दिसतो आणि पुढचे स्वर क्षीण होतात. कोशांत आघातयुक्त अक्षराच्या आधी वर दिलेली लहान उभी रेघ हेच दाखवते.