पौर्णिमेचा कट्टा

दोस्तांनो, तुमचा कट्टा कुठं आहे? शाळेजवळचा पार, सोसायटीच्या जिन्याची खालची पायरी, क्लासबाहेर सायकली लावायची जागा, की नुसताच मोबाइलवरचा ग्रुप? जागा कुठलीही असो, तिथं चालतं ते एकच. ''काय रे, काय चाललंय?'' असं कुणीतरी विचारतं आणि मग गाडी सुरू! चाचणीत किती पडले, घरी कोण आजारी आहे, विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल ऐन वेळी कसं बंद पडलं... आणि घरची मंडळी म्हणतात, ''किती वेळ त्या गप्पा! त्यातून काय निघणार आहे?''

पुढच्या वेळी असं कुणी म्हणालं ना, की त्यांना बर्मिंगहॅमच्या कट्ट्याची गोष्ट सांगा. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या या गावात दहा-बारा मित्र गप्पा मारायला जमत. त्यांच्यापैकी एकाचं नाव आज तुमच्या घरातल्या प्रत्येक बल्बवर छापलेलं असतं. एकानं पाण्यात वायू मिसळून सोडावॉटर बनवायची रीत शोधली. एकानं लिहून ठेवलेलं औषध आजही हृदयाच्या काही रुग्णांना देतात. आता बोला!

चांदणं कशाला?

आपण कोजागिरीला चांदण्यात जमतो ते मसाला दूध प्यायला. हे मित्र जमायचे ते दर पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यांचं कारण अगदी व्यवहारी होतं. दुपारच्या जेवणाला बसलेली मैफल रात्रीच उठायची. मग घोड्यावरून नाहीतर घोडागाडीतून घर गाठायचं. गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवे नाहीत, खड्डे मात्र भरपूर! तेव्हा चंद्राचाच कंदील बरा, असा त्यांनी विचार केला.

लॅटिन भाषेत चंद्राला 'लूना' म्हणतात. त्यावरून या कट्ट्याचं नाव पडलं 'ल्युनर सोसायटी', म्हणजे चांद्रमंडळ. इंग्रजीत वेड्याला 'लुनॅटिक' म्हणतात, तोही शब्द चंद्रावरूनच आलेला. त्यामुळे ही मंडळी गमतीनं स्वतःलाच 'लुनॅटिक' म्हणवून घेत.

मंडळ म्हटलं की अध्यक्ष, चिटणीस, वर्गणी, इतिवृत्त असं सगळं डोळ्यांसमोर येतं ना? इथं त्यातलं काही नव्हतं. मग आपल्याला हे सगळं कळलं कसं? तर त्यांच्या पत्रांवरून. भेट झाली की बोलायचं आणि भेट नसेल तेव्हा लिहायचं, असा त्यांचा खाक्या होता.

आता मंडळींची ओळख करून घेऊ. मॅथ्यू बोल्टन हा बटणं आणि बुटांची बक्कलं बनवणारा कारखानदार. त्याचं घर म्हणजे कट्ट्याची ठरलेली जागा. इरॅस्मस डार्विन हा तिथून पंचवीस किलोमीटरवरच्या लिचफिल्डचा डॉक्टर. अंगानं अगडबंब, बोलताना अडखळणारा, पण बोलायला लागला की हसवून हसवून मारणारा. जोसाया वेजवुड हा कुंभार. जेम्स वॅट हा यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक, पण वेड मात्र वायूंवरच्या प्रयोगांचं. जेम्स कीर काच आणि साबणाच्या धंद्यातला, सॅम्युअल गाल्टन बंदुका बनवणारा. आणि डॉक्टर विल्यम स्मॉल? या सगळ्यांना एकत्र बांधणारी गाठ म्हणजे स्मॉल.

कट्ट्याला दांडी मारायची वेळ आली की यांचा जीव कसा कासावीस व्हायचा बघा. १७७८ साली डार्विनला एका बैठकीला जाता आलं नाही. त्यानं बोल्टनला पत्र लिहून आपलं दुःख कळवलं. तुम्ही सगळे तिथं नवे शोध आणि विनोद बॅडमिंटनच्या फुलासारखे एकमेकांकडे टोलवत असाल आणि मी इकडं गाडीत आदळत-आपटत कुणाच्या तरी पोटदुखीशी लढायला निघालोय, अशा अर्थाचं ते पत्र होतं!

अडलेलं इंजिन

वाफेचं इंजिन वॅटच्या आधीही होतं, बरं का. खाणीतलं पाणी उपसायला ते वापरत. पण ते भलतंच खादाड! एकाच नळकांड्यात वाफ भरायची आणि तिथंच ती गार करायची. त्यामुळे नळकांडं दर वेळी तापवायचं, दर वेळी निववायचं. कोळसा नुसता फुकट. १७६५ साली वॅटला सुचलं, की वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवलं तर? नळकांडं कायम गरमच राहील.

युक्ती झकास होती, पण कागदावरची युक्ती आणि चालणारं यंत्र यांत मोठी दरी असते. नळकांडं नीट गोल बनेना, फटींतून वाफ निसटे. पैसे संपले. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजमापं करत स्कॉटलंडमध्ये हिंडू लागला. डोकेदुखीनं तो बेजार असे. १७७३ साली त्याची बायको वारली. त्याच वर्षी त्याच्या इंजिनात पैसे घालणाऱ्या भागीदाराचं दिवाळं वाजलं. शोध लावण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही, असंही वॅट एकदा लिहून गेला.

या सगळ्या वर्षांत तो पत्रं कुणाला लिहीत होता? डॉक्टर स्मॉलला. आज काय बिघडलं, कुठं वाफ गळली, मन किती खचलंय, सगळं तो सांगायचा. स्मॉल इंजिनाविषयी सल्ला द्यायचा, धीर द्यायचा आणि पुनःपुन्हा एकच म्हणायचा, की बर्मिंगहॅमला ये.

१७७४ साली वॅट खरोखरच आला. बोल्टनला तर असं इंजिन हवंच होतं, कारण त्याच्या कारखान्याची चाकं ओढ्याच्या पाण्यावर फिरत आणि उन्हाळ्यात ओढा आटायचा! त्यानं पैसा आणि कारागीर पुढे केले. प्रीस्टलीचा मेहुणा जॉन विल्किन्सन तोफा बनवायचा. त्यासाठी धातूला अचूक गोल भोक पाडणारं यंत्र त्याच्याकडे होतं. त्या यंत्रावर वॅटला हवं तसं नळकांडं मिळालं. मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या खाणीवर बोल्टन आणि वॅटचं इंजिन धडधडू लागलं.

ते बघायला स्मॉल मात्र नव्हता. फेब्रुवारी १७७५ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावावर एकही यंत्र नाही, गाजलेला ग्रंथ नाही. बल्बवर नाव आहे ते वॅटचं. पण वॅट खचून बसला होता तेव्हा त्याची पत्रं वाचून उत्तरं कोण लिहीत होतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

मोडका पाय आणि कोळसणारी भट्टी

वेजवुडला लहानपणी देवी आल्या आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा दुखावला. कुंभाराचं चाक पायानं फिरवायचं असतं. ते जमेना, म्हणून तो माती आणि रंग यांचे प्रयोग करू लागला. १७६८ साली त्याचा तो पाय कापावा लागला. तेव्हा भूल द्यायचं औषधच नव्हतं! गंमत म्हणजे त्याच वर्षी डार्विननंही स्वतःच तयार केलेल्या घोडागाडीतून पडून गुडघ्याची वाटी फोडून घेतली. लाकडी पायाचा कुंभार आणि लंगडणारा डॉक्टर, अशी ही जोडी.

खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेताना वेजवुडच्या कपबश्या फुटत. त्यावर उपाय म्हणजे बोटीनं माल नेण्यासाठी कालवा. त्याच्या प्रचारासाठी लिखाण करायला डार्विन मदतीला धावला. १७६६ मध्ये वेजवुडनं पहिली कुदळ मारली आणि १७७७ मध्ये तो लांबलचक कालवा पुरा झाला.

भट्टीत आच कमी-जास्त झाली की भांडी वाया जात, आणि इतकी आच मोजणारा थर्मामीटर तेव्हा नव्हता. वेजवुडनं युक्ती काढली. मातीचा ठरावीक मापाचा तुकडा भट्टीत टाकायचा आणि तो किती आकसला त्यावरून आच ओळखायची! १७८२ साली त्यानं ही रीत जाहीर केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं या कुंभाराला आपला सभासद करून घेतलं.

हाच वेजवुड प्रीस्टलीला प्रयोगांसाठी नळ्या आणि भांडी फुकट करून द्यायचा. शिवाय मित्रांनी वर्गणी काढून प्रीस्टलीच्या प्रयोगांचा खर्च उचलला. एवढ्या पत्रांच्या नकला हातानं करून करून वॅट कंटाळला, तेव्हा त्यानं ओल्या पातळ कागदावर पत्र दाबून नक्कल काढणारं यंत्रच बनवलं. १७८० साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं कचेऱ्यांतून तशी यंत्रं वापरात होती.

पाहुण्याच्या खिशातला साप

गाल्टनच्या घरी बैठक असली की त्याची छोटी मुलगी मेरी ॲन कान टवकारून बसायची. मोठेपणी तिनं लिहिलेल्या आठवणींत एक भन्नाट किस्सा आहे. एक पाहुणा वाटेत थंडीनं गारठलेला साप सापडला म्हणून खिशात घालून घेऊन आला. त्याला वाटलं, मेलेलाच आहे. खोलीच्या उबेत साप झाला जागा आणि आला बाहेर! बडेबडे विद्वान गडबडले. आईनं मेरी ॲनला सांगितलं, जा, पकड तो साप. आणि तिनं पकडला.

एक गोष्ट मात्र खटकते. साप पकडायला मुलगी चालली, पण मंडळाचे सभासद झाले ते फक्त पुरुषच.

भांडणंही झाली

हा कट्टा म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. प्रीस्टली पक्का देवभक्त, डार्विन शंकेखोर. वेजवुडनं १७८७ साली गुलामगिरीविरुद्ध पदक काढलं, तर गाल्टन घराण्याच्या बंदुका आफ्रिकेतल्या व्यापारात विकल्या जात. पुढे बोल्टन आणि वॅटची इंजिनं गुलाम राबणाऱ्या उसाच्या मळ्यांवरही गेली. यावर मतभेद होते आणि असायलाच हवे होते.

एक मैत्री तर तुटलीच. स्मॉलच्या जागी डार्विननंच विल्यम विदरिंग या डॉक्टरला बर्मिंगहॅमला बोलावलं होतं. शरीराला आलेल्या सुजेवर गावठी औषध देणारी एक बाई होती. तिच्या नुस्ख्यातली खरी गुणकारी वनस्पती 'फॉक्सग्लव्ह' आहे, हे विदरिंगनं हेरलं. ती विषारी असते, म्हणून किती द्यायची हे तो वर्षानुवर्षं जपून पाहत होता. आपल्या एका रुग्णासाठी त्यानं सुचवलेलं हे औषध डार्विननं वापरलं आणि १७८० साली छापलं, पण त्यात विदरिंगचं नावच नाही! विदरिंगचं पुस्तक आलं १७८५ मध्ये. ही जखम पुढे कधीच भरली नाही. कट्ट्यावर विश्वासानं सांगितलेली गोष्ट आपल्या नावावर खपवली, तर कितीही हुशार मित्र असला तरी दुरावा येणारच.

आगीची रात्र

खरी कसोटी लागली ती १४ जुलै १७९१ ला. फ्रान्समध्ये क्रांती झाली होती. तिच्या दुसऱ्या वर्षदिनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात मेजवानी झाली आणि गावात दंगल पेटली. प्रीस्टली मेजवानीला गेलाही नव्हता, घरी बायकोबरोबर सोंगट्या खेळत बसला होता. पण त्याची मतं जमावाला खुपत होती. नवरा-बायको जेमतेम निसटली. मागं घर जळालं. प्रयोगशाळा, पुस्तकं, हस्तलिखितं, वर्षांची मेहनत, सगळं गेलं. बोल्टन आणि वॅटनं कारखाना वाचवायला कामगारांच्या हाती शस्त्रं दिली. विदरिंगच्या घरावरही जमाव चालून गेला.

अशा वेळी ''आपला काय संबंध?'' म्हणणं सोपं होतं. पण लंडनला गेलेल्या प्रीस्टलीला मित्रांनी पैसे दिले, पुस्तकं दिली, प्रयोगाची उपकरणं दिली. १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला तो कायमचाच.

नातवापर्यंत

एकेक मित्र गेला आणि कट्टा विझत गेला. पण गोष्ट इथं संपत नाही. डार्विनच्या मुलाचं वेजवुडच्या मुलीशी लग्न झालं. त्यांना १८०९ साली मुलगा झाला, चार्ल्स डार्विन. हो, उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तोच! १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाला जायची त्याला संधी आली, तेव्हा वडील नको म्हणाले. वडिलांचा एकेक आक्षेप खोडून काढून त्यांचं मन वळवलं ते मामानं, म्हणजे वेजवुडच्या मुलानं. आजोबांची मैत्री नातवाला अशी जहाजापर्यंत घेऊन गेली.

तेव्हा दोस्तांनो, कट्ट्यावर कुणी ''काय चाललंय?'' विचारलं, की ''काही नाही रे'' म्हणून मोकळे होऊ नका. वॅट तसं म्हणाला असता, तर त्याचं इंजिन कागदावरच राहिलं असतं. जे अडलंय तेही सांगा. आणि दुसरा सांगत असेल तेव्हा घड्याळाकडे न बघता ऐका. तुमच्या कट्ट्यावरचा वॅट कोण ते आज कळणार नाही, पण त्याला एक स्मॉल मात्र आजच लागणार आहे.