हिप्नोटाइज करून कुणी लुटत नाही

"बाईला हिप्नोटाइज केलं आणि गळ्यातलं काढून नेलं." पाथरीच्या बसस्थानकावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात हे वाक्य सारखं कानावर येतं. ऐकणारे माना डोलावतात. वर्तमानपत्रंही वृद्धेला 'संमोहित करून' लुटल्याचा मथळा देतात. भर रस्त्यात, दोन मिनिटांत, अनोळखी बाईच्या मनाचा ताबा चोराने घेतला तो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर सरळ आहे: घेतलाच नाही. अशी विद्या कुणाकडेच नाही.

संमोहन खोटं नाही. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ वेदना, भीती, पोटाचे काही विकार यांसाठी ते वापरतात. पण त्यात घडतं एवढंच की माणसाचं लक्ष एका गोष्टीवर एकवटतं आणि तो सूचना सहज स्वीकारतो. तो जागा असतो, ऐकत असतो, नको ते नाकारू शकतो. त्याची तयारी नसेल तर काहीच होत नाही, आणि तयारी असली तरी सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. खोलवर संमोहित होणारे लोक थोडेच, साधारण दहात एखादा.

"पण संमोहनात माणूस सांगेल ते करतो, असे प्रयोग झालेत ना?" झालेत, आणि ते नीट वाचायला हवेत. मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ साली संमोहित लोकांना विषारी साप पकडायला, आम्लात हात घालायला, तेच आम्ल समोरच्याच्या तोंडावर फेकायला सांगितलं. इजा होणार नाही याची व्यवस्था आधीच केलेली होती. बहुतेकांनी सांगितलेलं केलं. मात्र दुसऱ्या एका गटाला संमोहित झाल्याचं नुसतं सोंग करायला सांगितलं होतं, आणि त्यांनीही तेच केलं! शास्त्रज्ञ आपल्याला खरी इजा होऊ देणार नाहीत, हा त्यांचा भरवसा होता. म्हणजे काम संमोहनाने केलं नाही, समोरच्या अधिकारी माणसावरच्या विश्वासाने केलं.

कल्पनेच्या खेळातसुद्धा मनावरच्या ताब्याला मर्यादा घातलेल्या असतात. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवरचा खेळ आता आपल्याकडचीही मुलं खेळतात. त्याच्या २०१४ च्या नियमांत नुसती मोहिनी पडलेलं पात्र गुलाम होत नाही. मोहिनी घालणाऱ्यावर ते हल्ला करत नाही आणि त्याच्या गोडबोलण्याला लवकर भुलतं, एवढंच. 'सूचना' या मंत्राने सांगितलेलं काम वाजवी वाटावं लागतं. स्वतःला भोसकून घे म्हटलं की मंत्र तुटतो. त्याआधी फासा टाकून मंत्र परतवायची संधी मिळते ती वेगळीच. जादूगाराच्या पात्रालाही जी ताकद खेळ लिहिणाऱ्यांनी अटी घालूनच दिली, ती आपण मोटारसायकलवरच्या भामट्याला बिनशर्त देऊन बसलो आहोत.

तो भामटा करतो काय? "आम्ही पोलीस आहोत, पुढे लूटमार झालीय, दागिने काढून रुमालात बांधा," असं म्हणतो. गाठ स्वतः बांधून देतो. घरी उघडली की आत खडे. किंवा "शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतायत, अंगावर सोनं दिसलं तर मिळणार नाही." किंवा दारात येऊन दागिने उजळून देतो आणि आम्लात सोनं विरघळवून पळ काढतो. भीती, घाई, लोभ, वर्दीचा दरारा, मदतीला आलेल्या जोडीदाराचं नाटक, हे सगळं त्यात आहे. मन ताब्यात घेणं त्यात कुठेच नाही.

मग बाई 'भुलवलं' का म्हणते? कारण घरी गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुझी अक्कल कुठं गेली होती?" मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. फसलेल्या माणसाला घरात दुसऱ्यांदा झोडपलं जातं, आणि त्यातून सुटायला त्याच्या हाती हिप्नोटिझम एवढीच एक सबब उरते. नुकसान तपासाचं होतं. "काही आठवत नाही" म्हटलं की चोर किती होते, बोली कुठली होती, गाडी कुठल्या रंगाची, गाठ कुणी बांधली, हे सगळं जबाबातून गळतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती यात मिसळू नये. प्रवासात चहा-बिस्किटांतून गुंगीचं औषध देऊन लुटतात. माणूस खरोखर झोपाळलेला, अडखळत बोलणारा असेल तर त्याला थेट दवाखान्यात न्या आणि रक्त-लघवीची तपासणी लवकर करायला सांगा, कारण औषधाचा माग शरीरातून निघून जातो. भारतीय न्याय संहितेत कलम १२३ यासाठीच आहे.

उरलेले समज थोडक्यात. रुमाल नाकाला लावताच क्लोरोफॉर्मने माणूस कोसळतो हे सिनेमातलं. प्रत्यक्षात काही मिनिटं सलग हुंगावं लागतं. संमोहनात माणूस कायमचा 'अडकत' नाही; फार तर झोपतो आणि उठतो. कमकुवत मनाचेच संमोहित होतात, हेही चूक. वशीकरणाने सून, नवरा किंवा प्रेयसी 'वश' होत नाही. पैसे तेवढे जातात. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. "या कायद्याने कीर्तन आणि वारी बंद होईल" ही आवईही खोटीच. त्यांना कायद्यातच स्पष्ट सूट आहे.

रस्त्यात कुणी पोलीस म्हणवून दागिने काढायला सांगितले तर काढू नका. खरा पोलीस तसं सांगत नाही. माणसांत जा, ११२ लावा. आणि तक्रार देताना 'हिप्नोटाइज केलं' असं लिहू नका. तो काय काय बोलला, ते शब्दाला शब्द लिहा.