पोर्शेला गवंड्याची नळी

नागोठणं मागे पडलं की मुंबई-गोवा महामार्ग सुकेळी खिंडीत चढतो आणि पलीकडे उतरत खांबला येतो. चढउतार काही मोठा नाही, एसटीचा ड्रायव्हर त्याची दखलही घेत नाही. पण वीस-बावीस वर्षं जुन्या पोर्शे बॉक्स्टरचं एक छुपं दुखणं हाच उतार उघडं पाडू शकतो. चालवणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि गाडी गिअरमध्येच ठेवून खिंड उतरतो. खांबजवळ सपाटीला आल्यावर तो पुन्हा पाय दाबतो, तेव्हा निळसर-पांढऱ्या धुराचा असा लोट उठतो की मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून हात करतो. थोडं अंतर गेलं की धूर विरतो आणि गाडी काही झालंच नाही अशी पळू लागते.

रस्त्याकडेच्या गॅरेजात याचं निदान बहुधा ठरलेलं असतं. "शेठ, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल." निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं खरं. पण ते ऑइल सिलिंडरमध्ये आलं कुठून? खालून, पिस्टनच्या कडेने चढून आलं, की वरून, हवेच्या वाटेने ओढलं गेलं? धुराकडे बघून हे कळत नाही, दोन्हीचा रंग एकच. आणि या दोन उत्तरांमध्ये कित्येक लाखांचं अंतर आहे, कारण पहिल्या उत्तरात अख्खं इंजिन उघडायचं असतं आणि दुसऱ्यात प्लास्टिकचा एक डबा बदलायचा असतो.

हा डबा म्हणजे ऑइल सेपरेटर. त्याचं काम समजायचं तर आधी इंजिनाच्या एका जन्मजात गळतीकडे बघायला हवं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट रिंगा बुजवतात, पण पुरती नाही. रिंग बसवता यावी म्हणून तिला तोंड ठेवावंच लागतं. पूर्ण जोरात इंजिन चालताना वरचा दाब बाहेरच्या हवेच्या पन्नासपटींच्या पुढे जातो. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला असे दीडशे स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटातून एखादा टक्का वायू निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. अगदी कोऱ्या इंजिनातही. आपल्याकडे गॅरेजात याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवून ते किती थडथडतं हे बघण्याची मिस्त्रींची पद्धत याचीच मोजणी आहे, आणि ओबडधोबड असली तरी वाईट नाही.

उतरलेल्या या वायूत काय काय असतं? जळकी हवा, न जळलेलं थोडं पेट्रोल, आणि पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! त्यातलं जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं खालीही उतरतं. तिथे क्रँकशाफ्ट ऑइल झोडपत असतो, त्यामुळे या सगळ्याचं एक गरम, तेलकट धुकं बनतं. त्याला वाट दिली नाही तर दाब वाढत जाऊन ऑइल सील बाहेर ढकलले जातील.

पूर्वी वाट देणं सोपं होतं. एक नळी काढायची आणि तिचं तोंड रस्त्याकडे सोडून द्यायचं. जुन्या डिझेल ट्रकांखाली असा ब्रीदर पाइप अजून ठिबकताना दिसतो. ही पद्धत मोडली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की तिथली डोळे झोंबवणारी हवा गाड्या आणि कारखान्यांतून सुटलेल्या पेट्रोलजन्य वायूंवर ऊन पडून बनते. गाडीतून सुटणाऱ्या अशा वायूंचा साधारण पाचवा हिस्सा या उघड्या नळीतून जात होता. मग १९६१पासून कॅलिफोर्नियात आणि १९६३पर्यंत उरलेल्या अमेरिकेतही नव्या गाड्यांची ही नळी रस्त्याकडून वळवून इंजिनाच्याच हवेच्या वाटेला जोडली गेली. निसटलेला वायू इंजिनाने स्वतःच ओढायचा आणि पुन्हा जाळायचा. मोटारीच्या इतिहासात याहून गाजलेल्या सुधारणा पुष्कळ आहेत. इतक्या स्वस्तात इतका फरक करणाऱ्या फार नसाव्यात.

फक्त वायू ओढताना त्यातलं ऑइल जाता कामा नये. पेण-रोह्याकडच्या भातगिरणीच्या मागे पत्र्याचा उलटा शंकू दिसतो. कोंड्याने भरलेली हवा त्यात बाजूने शिरते, गोल फिरते, कोंडा कडेला आपटून खाली येतो आणि हवा वरून निघून जाते. सेपरेटरच्या पहिल्या दालनात हेच घडतं, कोंड्याच्या जागी ऑइलचे थेंब असतात एवढंच. पकडलेलं ऑइल एका नळीने परत इंजिनात जातं. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे यंत्र काही मायक्रॉनचे थेंब वेगळे काढतं, आणि त्यात एकही फिरता भाग नाही. मायक्रॉनहून बारीक थेंब थोडेफार निसटतातच. म्हणून हवेच्या पाइपात ऑइलचा पातळ ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही. पाइप वाकडा केल्यावर ऑइल ओघळलं, तर मात्र आहे.

खरी करामत दुसऱ्या दालनात आहे. पेट्रोल इंजिन निवांत, आयडलवर चालत असतं तेव्हा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि त्याच्या पलीकडे पिस्टन हवा ओढत असतात. तिथली ओढ इतकी असते की उभ्या नळीतून पाणी सहा मीटरहून वर चढेल, म्हणजे दोन मजले. गिअरमध्ये उतार उतरताना ती आणखी वाढते. आता क्रँककेसला किती ओढ सोसते? पाण्याच्याच भाषेत सांगायचं तर दहा-पंधरा सेंटिमीटर. दोन मजल्यांची ओढ अर्ध्या वितीवर आणायची, पन्नास भागांतला एक भाग आत जाऊ द्यायचा, आणि थ्रॉटल उघडमीट होत असताना क्षणोक्षणी हे जमवायचं. हे सारं करतो रबराचा एक पातळ पडदा आणि त्याच्यामागची एक स्प्रिंग. पडद्याच्या एका बाजूला बारीक भोकातून बाहेरची हवा लागते, दुसऱ्या बाजूला क्रँककेस असतं. आतली ओढ वाढली की बाहेरच्या हवेने पडदा दाबला जातो आणि वाट अरुंद होते. ओढ कमी झाली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि वाट मोकळी होते. ना सेन्सर, ना वायर, ना संगणक.

रबर शेवटी रबरच. वर्षानुवर्षं गरम ऑइलची वाफ खाऊन ते कडक होतं आणि एक दिवस चिरतं. किती किलोमीटर झाले यापेक्षा किती वर्षं झाली हे इथे महत्त्वाचं ठरतं, म्हणून फक्त रविवारी बाहेर निघणारी, जपलेली गाडीही यातून सुटत नाही. १९९६ साली पहिली बॉक्स्टर आली आणि पाठोपाठ पाण्याने थंड होणारी पहिली ९११ आली. दोघींतली इंजिनं एकाच घराण्यातली, आणि या पडद्याचं चिरणं हे त्या घराण्याचं नावाजलेलं दुखणं आहे.

पडदा चिरला की ओढीला लगाम राहत नाही. सहा-सात मीटरवाली ताकद थेट क्रँककेसला लागते आणि धुकं ऑइलसकट वर खेचलं जातं. खिंड उतरताना साचलेलं ऑइल सपाटीला भडकतं ते यामुळे. खिंडच लागते असंही नाही. पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ला सुरू झालं आणि इतकी वर्षं रखडलं, की गणपतीत पेण-वडखळच्या कोंडीत आयडलवर ताटकळणं हा कोकणच्या प्रवासाचा भागच होऊन बसला. तिथेही थ्रॉटल मिटलेला, ओढ पूर्ण. अर्ध्या तासाने गाडी हलली की मागच्यांना धूर.

आता निदान. बॉक्स्टरचं इंजिन सीटांच्या मागे असं दडलेलं असतं की बॉनेट उघडून बघायची सोयच नाही, पुढे बॉनेटखाली सामान ठेवायची जागा आहे. पण ऑइल भरायचं तोंड मागच्या डिकीत, हाताशी आहे, आणि आपल्याला तेवढंच पुरतं. कोलाड किंवा नागोठण्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणायची, तीनेक मीटर. ती यू आकारात फळीला बांधायची आणि मधल्या वळणात रंगीत पाणी भरायचं. ऑइलचं एक जादा झाकण घेऊन त्याला भोक पाडायचं, त्यात निपल घट्ट बसवून नळीचं एक टोक जोडायचं. दुसरं टोक हवेत उघडं. इंजिन पुरतं गरम करून आयडलवर ठेवायचं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पट्टीने मोजायचा. एक बाजू सहा सेंटिमीटर चढली तर दुसरी सहा उतरते, म्हणजे फरक बारा. नळीच्या दोन्ही बाजू पाण्याच्या वर मीटरभर तरी मोकळ्या हव्यात आणि रेस द्यायची नाही, नाहीतर हेच पाणी इंजिनात जाईल.

या इंजिनांत दहा ते सतरा-अठरा सेंटिमीटरांपर्यंतचा फरक ठीक मानला जातो. तेवीस-पंचवीसच्या पुढे गेला आणि पाणी इंजिनाकडे चढत राहिलं, तर पडदा फाटलाय. रिंगा गेल्या असतील तर याच्या बरोबर उलट दिसतं. खाली वायूचा लोंढा उतरत असतो, त्यामुळे ओढ कमी पडते, आणि फारच झिजलं असेल तर पाणी इंजिनापासून दूर ढकललं जातं. एकाच रंगाच्या धुराची दोन कारणं नळीतल्या पाण्याला विरुद्ध दिशांना हलवतात! अशी नळी वापरून दाब मोजायची युक्ती डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स याची, १६६१ची. बंदुकीच्या दारूच्या स्फोटावर सिलिंडरमधला पिस्टन हलवायचे प्रयोग करणाराही हाच गृहस्थ.

नळीआधीही गाडी काही इशारे देते. आयडलवर ऑइलचं झाकण ओढून निघत नाही आणि निघालं की इंजिन अडखळतं. मागून शीळ किंवा हुंकार ऐकू येतो, कारण चिरेतून आणि सीलांच्या कडेने हवा आत खेचली जात असते. ही हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून शिरते, त्यामुळे संगणकाच्या हिशेबात पेट्रोल कमी पडतं, तो वाढवत नेतो आणि शेवटी दिवा लावतो. स्कॅनर जोडला तर पी ०१७१ आणि पी ०१७४ हे दोन कोड बहुधा जोडीने सापडतात. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदम तक्रार करतात, तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वाटेत शोधावा.

चकवेही आहेत. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात. गाडी रात्रभर एका कुशीवर कलती उभी राहिली तर थोडं ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी स्टार्ट करताच एक ढग सोडून मोकळं होतं. तो क्षणभराचा असेल तर विसरून जावं, मिनिटांमागून मिनिटं टिकला तर नाही. झाकणाखाली पिवळसर-पांढरा, लोण्यासारखा चिकटा दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून हाय खातात आणि कोकणच्या पावसाला दोष देतात. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोलमधून आलेलं पाणी उडून न जाता ऑइलमध्ये घुसळलं जातं, तो हा चिकटा. कूलंटची पातळी उतरत नसेल आणि धुराला गोडसर वास नसेल, तर गॅस्केटला तूर्त हात लावू नये.

नळीने दोष दाखवल्यावर मात्र टाळाटाळ महाग पडते. वायू दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. एका सिलिंडरमध्ये ते पुरेसं साचलं आणि पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग ते लाखांचं बिल खरोखरच येतं. त्याआधीची पायरी म्हणजे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइलने खराब होणं, तेही स्वस्त नाही.

सेपरेटर अख्खाच बदलतात, नुसता पडदा बदलायच्या फंदात शहाणा मिस्त्री पडत नाही. जुना डबा काढला की हवेच्या वाटेतलं साचलेलं ऑइल पुसून काढायचं, प्लग काढून बघायचे आणि मगच स्टार्ट करायचं. इतकं करूनही पहिले काही किलोमीटर धूर येतो, कारण सायलेन्सरमध्ये भिनलेलं ऑइल तापून जळायला वेळ लागतो. नेमक्या याच वेळी मालकाचा धीर सुटतो आणि पुन्हा रिंगांचा विषय निघतो. तेव्हा नळी परत लावावी. फरक बारा-तेरा सेंटिमीटरांवर स्थिर असेल तर गाडी माणगावपर्यंत आरामात फिरवून आणायला हरकत नाही.