चुलीमागचं शास्त्र (भाग ७) : रश्शात मीठ जास्त झालं तर

जालना जिल्ह्यात कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या मटणाचं, जेवण निघालं की शिवारात दगडांच्या चुली पेटतात, डेगी चढतात आणि जेवणाऱ्यांचा आकडा दर तासाला बदलत जातो. मीठ चुकतं ते अशाच गडबडीत. आचारी मीठ टाकून जाळ सारायला वाकतो, मदतीला आलेला दुसरा कुणी चव न बघताच आणखी एक ओंजळ टाकतो. पंगत बसायला अर्धा तास उरलेला असतो आणि रस्सा मात्र जिभेला झोंबत असतो.

कुणीतरी लगेच सांगतं, बटाटा सोलून टाका, मीठ ओढून घेईल. कुणी कणकेचा गोळा सुचवतं.

बटाटा मीठ ओढतो हे खरं, पण त्याबरोबर पाणीही ओढतो. म्हणजे तो रस्साच पितो. डेगीतला रस्सा थोडा कमी होतो, खारटपणा होता तेवढाच राहतो. पिट्सबर्ग विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट वोल्के यांनी खाऱ्या पाण्यात बटाटा शिजवून पाहिला आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते यावरून मिठाचं प्रमाण मोजलं. बटाट्यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. कणकेच्या गोळ्याचंही गणित हेच.

विरघळलेलं मीठ परत काढायची सोय स्वयंपाकघरात नाही. रस्सा उकळत ठेवला तर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे चूक आणखी वाढते. हातात उरतं ते एकच, मिठाला वाटेकरी वाढवणं. एक लिटर रश्शात १५ ग्रॅम मीठ पडलं असेल आणि ते लिटरमागे १० ग्रॅमवर आणायचं असेल, तर रस्सा दीड लिटर करावा लागतो. घरात एवढा रस्सा नको असेल तर एक तृतीयांश बाजूला काढावा, उरलेल्यात तेवढंच गरम पाणी घालावं आणि काढलेला भाग दुसऱ्या दिवशी बिनमिठाच्या वरणात जिरवावा.

नुसतं पाणी वाढवलं की रस्सा पांचट होतो. इथे मराठवाड्याचा येसर कामाला येतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ असं धान्य खमंग भाजून, धणे-जिऱ्यासारख्या मसाल्यासोबत दळलेलं हे पीठ. वाटीभर कोमट पाण्यात येसर गुठळी न होऊ देता कालवायचा, उकळीत बारीक धारेने सोडायचा आणि पळी फिरवत राहायचं. दहा मिनिटांत पातळ पाण्याला अंग येतं, भाजल्या धान्याचा वास सुटतो. नवं पाणी आणि नवा मसाला दोन्ही बिनमिठाचे असल्यामुळे खारटपणा खरोखर उतरतो. पाकिटातला तयार मसाला घ्यायचा तर त्यात मीठ आहे का, ते आधी वाचावं.

गुळाचा खडा किंवा चिंचेचा कोळ यांचं काम वेगळं. त्यांनी चव सावरते, मीठ कमी होत नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी. गूळ घालून गोड लागणारा खारट रस्सा अशा माणसाच्या ताटात मुळीच वाढू नये.

शहरातल्या गच्चीवर कोळशावर चिकन भाजताना लावायचा बार्बेक्यू सॉसही पाणी उडून मीठ मागे राहिल्यानेच बिघडतो. केचपमध्ये मीठ, सोया सॉसमध्ये त्याहून जास्त, वर सगळं आटवायचं. त्यात बिनमिठाचा टोमॅटोचा गर मिसळावा, आणि पुढच्या वेळी मीठ आटवून झाल्यावरच घालावं.

मटणाच्या रश्शात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मीठ फोडींतही मुरलेलं असतं, आणि पाणी वाढवल्यावर त्या फोडी ते हळूहळू परत सोडतात. म्हणून पंधरा मिनिटं मंद जाळावर थांबून मगच चव घ्यावी, आणि तीही नुसत्या पळीने नाही. ज्वारीची भाकरी बिनमिठाची असते आणि इकडे ती रश्शात कुस्करूनच खातात. पळीला जो रस्सा किंचित खारट वाटतो, तो भाकरीत बरोबर बसतो. भाकरीचा चतकोर कुस्करायचा, त्यावर पळीभर रस्सा ओतायचा, निवू द्यायचा आणि जेवणाऱ्यांपैकीच एखाद्याला घास भरवून विचारायचं.

(पुढच्या भागात : करपलेला मसाला)